डॅरिल होकस्ट्राची बोटं

हिवाळ्यात सकाळी खिशातून चाव्या काढणं जमेना, तेव्हा डॅरिल होकस्ट्राने चाव्या दोरीला बांधून गळ्यात घालायला सुरुवात केली. त्याची बायको मर्ना हसली. म्हणाली, "हे काय, शाळेत निघालायस का?"

"हरवतात गं," तो म्हणाला.

त्याच्या चाव्या आयुष्यात कधी हरवल्या नव्हत्या. डॅरिलचं काहीच हरवायचं नाही. त्याच्या ट्रकमध्ये प्रत्येक दोराला खुंटी होती, प्रत्येक हुकाला जागा होती, आणि कुणी हूक भलत्या जागी ठेवला तर तो दिवसभर तोंड पाडून बसायचा. पण मर्नाने पुढे विचारलं नाही. तिने डबा हातात दिला आणि तो डोंगरातल्या मोनबल्क गावाच्या उतारावरून धुक्यात निघून गेला, गाडी दुसऱ्या गियरवर, दिवे लावून.

झाडं उतरवणं हा त्याचा धंदा. पाडणं वेगळं. पाडायला जमिनीवरून बुंधा कापला की झालं, पण त्याला मोकळी जागा लागते, आणि या डोंगरात लोकांनी घरंच झाडांच्या पायाशी बांधलीत. माउंटन अ‍ॅश नावाचा निलगिरीचा भाऊ, सरळसोट, वर बघितलं की टोपी पडेल एवढा उंच. तो छपरावर झुकला की वर चढायचं, शेंडा कापायचा, मग खोड तुकड्या-तुकड्याने कापत स्वतःच खाली यायचं. म्हणजे ज्यावर उभं राहायचं तेच कापायचं. डॅरिल हे मिसरूड फुटल्यापासून करत आला होता. त्याच्या बापाची ट्यूलिपची शेती होती, हॉलंडहून आलेला माणूस, जन्मभर कंबरेत वाकून कंद लावत राहिला. डॅरिलला ते वाकणं नको होतं. एकदा शेजारच्या शेतात झाड उतरवायला माणसं आली, आणि हा कंदांची टोपली तशीच टाकून कुंपणाशी जाऊन उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत. बापाने मारलं. पुढच्या आठवड्यात हा त्या माणसांच्या ट्रकमध्ये.

वर चेनसॉ घेऊन जायचं म्हणजे मरण कंबरेला टांगून जायचं, हे तो सगळ्यांना सांगायचा, अगदी कंटाळा येईपर्यंत. चालू करवत कायम दोन हातांत. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापायचं नाही, कितीही छोटी असली तरी. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. जागा बदलायची तर आधी साखळीचा ब्रेक. आणि सगळ्यात मोठा नियम दोनचा. करवत सुरू करायच्या आधी माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा. एक लांब दोर, ज्यावर तो चढतो-उतरतो. दुसरा आखूड, आत स्टीलची तार असलेला, खोडाभोवती फिरवून कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंनी अडकवायचा. एक चुकून कापला गेला तरी दुसरा असतो.

हा नियम सगळ्या जगात आहे. पण डॅरिलने त्याला एक ओरडणं जोडलं होतं, आणि ते फक्त या डोंगरातल्या माणसांचं. करवत सुरू करण्याआधी वरच्याने ओरडायचं, "दोन." खालच्याने मान वर करून दोन्ही दोर बघायचे आणि बघितल्यावरच उलट ओरडायचं, "दोन." उत्तर आलं नाही तर करवत सुरू करायची नाही. हे रसेल पिंडर गेला तेव्हापासूनचं. रसेल त्याचा जोडीदार. एक फांदी ओलांडताना रसेलने आखूड दोर सोडला आणि परत लावायचा कंटाळा केला, एकाच कापाचा तर प्रश्न होता. कापता कापता स्वतःचा लांब दोरच कापला. डॅरिल शेजारच्या झाडावर होता, त्याची पाठ होती रसेलकडे. त्याने फक्त रसेलच्या करवतीचा आवाज बदललेला ऐकला.

तर असा माणूस. आणि त्या माणसाची बोटं पांढरी पडायला लागली होती.

सुरुवात दोन हिवाळ्यांपूर्वी झाली. थंडीत डाव्या हाताची बोटं टोकापासून पांढरी व्हायची, मेणबत्तीसारखी, मग दुसऱ्या पेरापर्यंत, आणि त्यांच्यात काही म्हणजे काही कळायचं नाही. थोड्या वेळाने रक्त परत यायचं तेव्हा अशी आग व्हायची की हा ट्रकमागे जाऊन हात काखेत दाबून उभा राहायचा. मग उजवाही. डॉक्टरने हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "किती वर्षं मशीन धरलंय?"

"पहिल्यापासून."

"मशीनच्या थरथरीने होतं हे. आतल्या नसा मेल्यात. परत येत नाहीत त्या. आता मशीन सोडा म्हणजे निदान आहे तेवढं राहील."

"बरं," डॅरिल म्हणाला. बाहेर आला, गाडीत बसला, हीटर लावून हात त्याच्यासमोर धरले आणि कामावर गेला.

कुणाला सांगितलं नाही. मर्नाला नाही, केरिनला नाही. केरिन म्हणजे त्याची मालकीण, त्याच्याहून वयाने बरीच लहान. ती पोरसवदा होती तेव्हा तिला चढायला यानेच शिकवलं. पुढे तिने स्वतःचा ट्रक घेतला, धंदा उभा केला आणि पहिला माणूस ठेवला तो डॅरिल. तिला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी त्याला खाली बसवलं असतं, हे त्याला माहीत होतं. आणि खाली म्हणजे काय? खाली फांद्या ओढायच्या, भुसा करायच्या मशीनमध्ये घालायच्या, तेही थरथरतंच. खाली डॅरिलला काही येत नव्हतं. तसं तो कधी बोलला नाही, पण तो खाली असला की त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळायचं नाही, लग्नातसुद्धा.

मग त्याने युक्ती काढली. हूक मिटला की अंगठ्याने चाचपायचं असतं, मिटलाय ना, फिरकी बसलीय ना. अंगठ्याला कळेनासं झालं तेव्हा तो डोळ्याने बघायला लागला. आणि जिथे डोळा पोचत नाही तिथे कानाने. हूक मिटताना टक् असा आवाज येतो. टक् झालं की झालं.

खाली तमाती असायचा. रोटोरुआचा माओरी गडी, अंगाने दांडगा, गुडघे गेलेले, बोलायला लागला की थांबायचा नाही. जमिनीवरचा माणूस म्हणून त्याच्यासारखा दुसरा नव्हता. दर सोमवारी तो सगळे हूक गरम पाण्यात घालून झाडाचा चीक काढायचा, तेल द्यायचा, एकेक उघडून मिटून बघायचा, आणि हे करताना हुकांशी बोलायचा. डॅरिलला तो म्हाताऱ्या म्हणायचा. डॅरिल त्याला जाड्या.

त्या दिवशी काम ऑटवेबाईंकडे होतं. बाई एकट्या, घर जुनं लाकडी, आणि स्वयंपाकघराच्या छपरावर झुकलेला अ‍ॅश. वादळात त्याच्या मुळाशी जमीन फुगली होती. रात्रभर पाऊस झालेला, सकाळी धुकं, गवतावर पांढरं दव, आणि बाई चहाचा ट्रे घेऊन दारात.

"वर चढायच्या आधी काहीतरी खाऊन घ्या हो," त्या म्हणाल्या. "लेमन स्लाइस केलाय, लिंबाच्या वड्या."

"त्याला नका देऊ," तमाती म्हणाला, "म्हातारा जड झाला तर फांदी मोडेल. मला द्या. मी कुठे चढतोय."

"तू चढलास तर झाडच चालत जाईल इथून," डॅरिल म्हणाला. त्याने कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटांनी नाही. तमातीने ते बघितलं का? बघितलंही असेल. त्याने दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधली.

डॅरिल वर गेला. फांद्या साफ केल्या, सगळं नीट. त्याच्या नियमाप्रमाणे एक जादा दोर खोडाला बांधून खाली सोडलेला होता, वरच्याला काही झालं तर खालच्याला चढता यावं म्हणून. शेंड्याच्या खाली पोचला तेव्हा पाऊस परत आला. हेल्मेटच्या जाळीवर थेंब, अंगावर रेनकोट, आणि रेनकोटची कड ओली होऊन कमरपट्ट्यावर चिकटून बसलेली. त्याने आखूड दोर खोडाच्या मागून फिरवून पुढे घेतला. पट्ट्याच्या बाजूला दोन कड्या असतात. एक स्टीलची, तिच्यावर माणूस टांगतो. तिच्याच मागे कापडी पट्टीची एक, तिच्यावर करवत टांगतात, पाण्याची बाटली टांगतात. एक माणसाची कडी, एक सामानाची कडी, असं डॅरिलच नव्या माणसांना शिकवायचा. त्याने रेनकोटच्या खाली हात घातला, चाचपला. बोटं पांढरी, लाकडासारखी. काहीतरी लागलं. टक्.

"दोन," तो ओरडला.

खालून तमातीने मान वर केली. लांब दोर दिसला, खोडाला आवळलेला. आखूड दोर दिसला, खोडाभोवती गेलेला. कुठल्या कडीत गेलाय हे एवढ्या खालून, रेनकोटखाली, कुणालाच दिसलं नसतं. त्या ओरडण्यात तो प्रश्नच नव्हता.

"दोन," तमाती ओरडला.

शेंडा व्यवस्थित गेला. समोरून खाच, मागून काप, दोन हात करवतीवर, काडकन आवाज, शेंडा पुढे झुकला आणि गेला. शेंडा सुटला की खोड मागे झोकांडी खातं, हेही रोजचंच. डॅरिलने ब्रेक मारला, करवत तिच्या दोरीवर सोडली आणि नेहमीसारखा मागे रेलला आखूड दोरावर. सामानाची कडी त्याचं वजन घ्यायला केलेलीच नव्हती. ती पट्टी फाटली.

त्याला पडल्यासारखं वाटलंच नाही. खोडच त्याच्याकडे धावत आलं. लांब दोराने धरलं, पण तो फिरला, एका कुशीवर आपटला, आणि छातीत काहीतरी आतल्या आत मोडलं. मग तो लोंबत राहिला, पाऊस तोंडावर, करवत पायाखाली झुलतेय, आणि श्वास येत नव्हता.

"म्हाताऱ्या," तमातीचा आवाज. "बोल काहीतरी."

बोलता येईना.

"हात हलव."

हलवला.

"रक्त आहे?"

मान नाही म्हणून हलवली.

"मग ये खाली. खटका दाब आणि ये."

लांब दोरावर खटका असतो. मूठ आवळून दाबला की दोर सरकतो, माणूस अलगद खाली येतो. पोरसोरं करतात. डॅरिलने खटक्यावर हात ठेवला आणि आवळला. बोटं आवळलीच नाहीत. डावा हात फासळ्यांमुळे उचलवेना, उजव्याची बोटं खटक्यावरून घसरत होती, ओल्या साबणावरून घसरावीत तशी. त्याने मनगट लावून बघितलं. दातांनी हातमोजा काढून बघितलं. मोज्यातून पांढरा हात बाहेर आला, आणि तो आपला हात आहे असं त्याला वाटेना.

"काय झालं? दाब की."

"येत नाहीये," डॅरिल म्हणाला.

"काय येत नाहीये?"

"दाबता येत नाहीये."

मग तमातीने ऑटवेबाईंना सांगितलं, अँब्युलन्स बोलवा, आणि केरिनला फोन लावा, नंबर ट्रकच्या दारावर लिहिलाय, आणि घरातच थांबा. मग त्या जादा दोरावर चढायला लागला. तमाती वर्षातून एकदा चढायचा, सरावाला. सरावासाठी वाळू भरलेला एक बाहुला होता, त्याचं नाव त्यांनी मंत्री ठेवलं होतं, कारण तो काही करायचा नाही आणि बाकीच्यांनी त्याला उचलायचं. आता पावसात, त्या गुडघ्यांनी, तो एकेक वीत वर येत होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज डॅरिलला वरपर्यंत ऐकू येत होता, भात्यासारखा. मध्ये तो थांबला. डॅरिलला वाटलं, हा आता खाली जाईल. तो खाली गेला नाही.

शेजारी आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्याने आधी डॅरिलला एका पट्टीने स्वतःला बांधून घेतलं. मग आखूड दोराचा हूक हातात घेतला. हूक घट्ट मिटलेला होता, फिरकी बसलेली, सगळं चोख. आणि त्याच्यात सामानाच्या कडीचा फाटका तुकडा लोंबत होता.

त्याने तुकड्याकडे बघितलं. मग डॅरिलच्या उघड्या हाताकडे.

"कधीपासून?"

डॅरिलने हात रेनकोटखाली ओढला.

"कधीपासून विचारतोय."

"दोन हिवाळे."

"आणि मी खालून दोन म्हणतोय," तमाती म्हणाला. "दोन हिवाळे मी खालून माकडासारखा दोन दोन करतोय."

"केरिनला सांगू नकोस."

"आत्ता हे बोलायचं आहे तुला?"

"तमाती. सांगू नकोस. फासळ्या भरल्या की मी... मी बघतो काहीतरी."

तमातीने हूक उघडला, फाटका तुकडा काढला आणि खिशात घातला. "मी नाही सांगणार," तो म्हणाला. "तू सांगशील. तुझ्या तोंडाने. कळलं?" मग एका हाताने स्वतःचा खटका, दुसऱ्याने डॅरिलचा, असं करत थोडं थोडं खाली. "मंत्र्यापेक्षा जड आहेस," एवढंच मध्ये बोलला, आणि त्यात गंमत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये केरिन आली ती डॅरिलचा कमरपट्टा घेऊनच. फासळ्या मोडल्याचं ऐकून आधी रडली, मग नाक पुसून खुर्ची ओढून बसली.

"सामानाची कडी फाटली ती करवतीच्या झटक्याने?"

"हं."

"पण आखूड दोर सुटलाच कसा? तमातीला विचारलं तर म्हणाला, डॅरिलला विचार."

इथे सांगायचं होतं. केरिन त्याच्यासमोर बसली होती, ओल्या बुटांनी, आणि खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्याचे हात चादरीखाली होते, गरम, लालसर, अगदी चांगल्या माणसाचे हात.

"थंडीत चीक घट्ट होतो," तो म्हणाला. "हूक नीट मिटला नसेल."

हूक सोमवारी कोण साफ करतं हे तिने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. डॅरिलला ते तिच्या चेहऱ्यावर आलेलं दिसलं, तमातीचं नाव, आणि तो गप्प राहिला. तोंड उघडून 'थांब' म्हणायला किती वेळ लागतो? तो छताकडे बघत राहिला. ती उठून गेली.

घरी आल्यावर तो खिडकीशी बसून असायचा. तमातीचा फोन आला नाही. त्याला वाटलं, रागात आहे, येईल. एका दुपारी मर्ना बाजारातून आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि कोट न काढताच उभी राहिली.

"तमातीची बायको भेटली दुकानात," ती म्हणाली.

"मग?"

"मला बघून दुसऱ्या रांगेत गेली. तिथे माझ्या रांगेपेक्षा जास्त माणसं होती, तरी गेली. मीच मागे गेले. म्हटलं, काय झालं गं? तर म्हणाली, तुमच्या नवऱ्याला विचारा. मी सोडली नाही, तेव्हा सांगितलं."

डॅरिल खिडकीबाहेर बघत राहिला.

"केरिनने तमातीला चढणाऱ्याच्या खाली उभं राहू नकोस म्हणून सांगितलंय. फक्त भुशाच्या मशीनवर. का, तर म्हणे हूक साफ केले नव्हते. आणि तो भांडला नाही, डॅरिल. त्याने विचारलं, डॅरिल असं म्हणाला का? केरिन म्हणाली, हो. तर म्हणाला, मग तसंच असेल. डबा उचलला आणि गेला. तो तमाती. जो पार्किंगच्या पावतीवरून अर्धा तास भांडतो."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे सोडून गेला. गेमब्रूकच्या कुणाकडे लागलाय." तिने आता कोट काढला, खुर्चीवर टाकला. "चाव्या हरवतात म्हणे. मी बायको आहे का तुझी कोण आहे? शर्टाची बटणं मी वर्षभर लावतेय आणि तुला वाटतं मला कळत नाही. मी वाट बघत होते. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

"मग विचारायचं ना."

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास," मर्ना म्हणाली. "मला ते ऐकायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केरिनच्या आवारात गेला. छातीला पट्टा बांधलेला, गाडी मर्नाने चालवली आणि ती गाडीतच बसून राहिली. केरिन ट्रकपाशी दोर गुंडाळत होती. छपराच्या पन्हळीखाली पावसाच्या पाण्याचं पिंप होतं, वर बर्फाची पातळ साय. डॅरिल काही न बोलता पिंपाशी गेला, कोपराने साय फोडली आणि दोन्ही हात आत बुडवले.

"डॅरिल, काय करतोयस?"

"थांब."

त्याने हात बाहेर काढले. बोटं पांढरी होत गेली, टोकापासून आत, दोघं बघत उभे. मग तो म्हणाला, "मी डोळे मिटतो. माझ्या हातात काहीतरी दे."

"कशाला?"

"दे गं."

त्याने डोळे मिटले. केरिनने खुंटीवरून काहीतरी काढून त्याच्या तळव्यात ठेवलं. तो चाचपत राहिला, कितीतरी वेळ. त्याचा चेहरा गणित न येणाऱ्या लहान मुलासारखा झाला होता.

"हूक आहे," तो शेवटी म्हणाला.

त्याने डोळे उघडले. हातात दोराचा एक तुकडा होता.

"आवाजावर चालवत होतो," तो म्हणाला. "टक् झालं की झालं. मी सामानाच्या कडीत अडकवलं. हूक चांगला होता. तमातीचे हूक नेहमी चांगले असतात. त्याने फाटका तुकडा स्वतः खिशात घातला, मी सांगू नकोस म्हटलं म्हणून."

केरिन ट्रकच्या पायरीवर बसली. तिने चेहरा हातांत घेतला होता. "मला पहिली गाठ तू शिकवलीस," ती म्हणाली. "माझ्या हातावर टपली मारायचास, परत कर, परत कर, जीव आहे हा." मग वर बघून म्हणाली, "तुझ्या खाली कोण उभं होतं, माहितीये ना? तू त्याच्यावर पडला असतास तर?"

"माहितीये."

"तू आता वर जाणार नाहीस."

"हो."

"हो काय हो? मला रडायला येतंय आणि तू हो म्हणतोस."

तिने तिथेच तमातीला फोन लावला, आवाज मोठा करून. सगळं सांगितलं. म्हणाली, चूक माझी, तुझी जागा आहे तशी आहे, उद्या ये. तिकडे वारा होता, कुठेतरी मशीन चालू होतं.

"ठीक आहे," तमाती म्हणाला. "कळलं. बरं झालं सांगितलंस."

"मग येतोस ना?"

"इथे बरं आहे, केरिन."

"डॅरिल इथेच उभा आहे. देऊ का?"

"त्याच्या फासळ्या कशा आहेत?"

"भरतायत."

"बरं," तमाती म्हणाला आणि फोन बंद झाला.

केरिनने डॅरिलला काम दिलं. गिऱ्हाईकांकडे जाऊन झाड बघायचं आणि काय करायचं ते सांगायचं. ऊबदार गाडीत बसून. लोकांना तो आवडायचा, चहा द्यायचे. तो अंगणात उभा राहून झाडाकडे बघायचा, कुठून चढता येईल, पहिला दोर कुठे पडेल, शेंडा कुठल्या बाजूला जाईल, सगळं त्याला दिसायचं. मग तो ते कुणा दुसऱ्याला सांगायचा आणि निघायचा. ऑटवेबाईंचं झाड केरिनने जाऊन उतरवलं. त्या दिवशी तो तिकडे फिरकला नाही.

वसंत लागल्यावर एकदा तो गेमब्रूकच्या रस्त्याने येत होता. वळणावर पुढे तांबड्या शंकूंची रांग, ट्रक, आणि झाडावर कुणीतरी पोरगेलासा माणूस, करवतीचा आवाज. खाली तमाती उभा होता. पाठमोरा, मान वर, पाय फाकवून, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या.

डॅरिलने गाडी कडेला घेतली आणि उतरला. काय बोलायचं ते त्याने कितीदा मनात म्हणून ठेवलं होतं, हिवाळाभर, खिडकीशी. शंकूंपर्यंत चालत आला. हाक मारली नाही. वर माणूस करवत चालवत असताना खालच्याला हाक मारायची नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तमातीला मागे कुणीतरी आल्याचं कळलं. पावलांनी कळलं असेल, गाडीच्या दारानेही कळलं असेल, ते दार त्याच्या ओळखीचं होतं. त्याने वरची नजर काढली नाही. फक्त डावा हात मागे केला, पंजा उघडा. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही करतात तसा. तिथेच थांबा, पुढे येऊ नका.

डॅरिल थांबला.

वरून फांदी सुटली, पानांसकट घरंगळत आली आणि जमीन हादरली. करवत बंद झाली नाही, वरच्याने जागा बदलली आणि पुढचा काप धरला. तमातीचा पंजा तसाच होता. डॅरिल भुसा उडताना बघत उभा राहिला, खिशात हात घालून, आणि मग मागे एक गाडी येऊन थांबली, तिला जायला जागा हवी होती. तो गाडीत बसला आणि निघाला.